केकवरचा हलवा

बिनअंड्याचा केक आपल्या लोकांना नवा नाही. दही, खायचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर एवढ्यावर आपल्याकडचे कितीतरी वाढदिवस साजरे होतात. खरी पंचाईत होते ती केकच्या वरच्या भागात. आयसिंगमध्ये अंड्याचा पांढरा, फुलांवर अंड्याचा पांढरा, गोळ्यांत बदाम, आणि रंगीत दाण्यांच्या डबीवर बारीक अक्षरात ‘यात सुकामेव्याचा अंश असू शकतो’. इंग्लंडमध्ये ही ‘असू शकतो’ची सूचना ऐच्छिक आहे. कोणी छापतो, कोणी छापत नाही. त्यामुळे ती नसली म्हणजे डबी निर्धोक, असंही समजता येत नाही.

हे मला कळलं ते पुतणीमुळे. तिला शेंगदाणे, बदाम-काजूपासून अक्रोडापर्यंत सगळा सुकामेवा, अंडं आणि तीळ वर्ज्य आहेत. वर्ज्य म्हणजे पोट बिघडतं एवढंच नव्हे. घसा सुजतो, श्वास अडकतो. तिच्या दप्तरात ॲड्रिनलिनची दोन इंजेक्शनं कायम असतात. एकाने भागलं नाही तर दुसरं. इथे डॉक्टर दोन बाळगायलाच सांगतात. वाढदिवसाच्या पार्ट्यांना ती जायची, पण केक कापला की आईने पर्समधून काढून दिलेलं बिस्किट खात बसायची. ईस्टरच्या रविवारी दोन्ही घरं आमच्याकडे जेवायला असतात. तेव्हा मी जाऊबाईंना म्हटलं, यंदा केक एकच होईल, आणि तो सगळे खातील.

इथला या दिवसांतला जुना केक म्हणजे सिम्नेल. सुक्या फळांचा, मसाल्याचा, आणि वर मार्झिपानचे अकरा गोळे. येशूचे बारा शिष्य, त्यातला दगा देणारा जुडास वगळून अकरा. पूर्वी तो लेंट या उपासाच्या काळातल्या ‘मदरिंग संडे’ला व्हायचा. कामाला राहिलेल्या मुली त्या दिवशी आईला भेटायला जाताना तो घेऊन जात, असं सांगतात. या माहेरपणाच्या गोष्टीमुळे मला तो केक आवडतो. पण मार्झिपान म्हणजे बदामाची पूड आणि साखर, आणि ते वरच नसतं, एक थर केकच्या पोटातही भाजलेला असतो. म्हणजे गोळे काढून टाकले की झालं, हा उपायही बाद.

बदामाच्या जागी मी भोपळ्याच्या बिया घेतल्या, सुकामेव्याचा स्पर्श नसलेल्या कारखान्यातल्या. त्या अगदी बारीक दळायच्या, मधेमधे थांबून, नाहीतर तेल सुटतं. मग पिठीसाखर आणि बांधायला थोडा गोल्डन सिरप. सूर्यफुलाच्या बियाही चालतात, पण त्यांचा रंग राखट येतो आणि सणाच्या केकवर तो मरगळलेला दिसतो. भोपळ्याच्या बिया हिरव्यागार. केकवर अकरा गोळे मांडले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “ताई, या बाळकैऱ्या कुठून आणल्यात?” दिसत होत्या खऱ्या तशाच. बदामाचा वास हवा म्हणून बदामाचं इसेन्स घालायचा मोह होतो, पण ते कशापासून केलंय हे बाटलीवरून नेहमी उलगडत नाही. मी संत्र्याची साल किसून घातली. मला तर ती बदामापेक्षा बरी वाटली.

फुलांसाठी डिंक. इथे मार्च-एप्रिलमध्ये प्रिमरोझची फिकट पिवळी फुलं येतात आणि ती खाता येतात. जुनी रीत अशी, की पाकळ्यांना अंड्याचा पांढरा लावायचा आणि वर बारीक साखर भुरभुरायची. अंड्याऐवजी बाभळीच्या डिंकाची पूड गुलाबपाण्यात विरघळवली आणि मऊ कुंचल्याने दोन्ही बाजूंनी पातळ हात दिला तरी साखर तितकीच पक्की बसते. उबदार जागी कोरडी होऊ दिली की फुलं कुरकुरीत होतात. आईने गावाहून लाडवांसाठी पाठवलेला डिंक मात्र मी वापरला नाही. वाण्याकडे तो काजू-बदामांच्या शेजारच्या डब्यात असतो आणि मापही बहुधा तेच फिरतं. केकसामानाच्या दुकानातून सीलबंद डबी आणली. फुलंही घरच्या कुंडीतली, कारण विकतच्या रोपांवर औषध मारलेलं असतं. आणि वसंत म्हटला की इथे डॅफोडिल डोळ्यांसमोर येतं, पण ते विषारी आहे. केकच्या बाजूला फुलदाणीत ठेवावं, केकवर नको.

आयसिंगसाठी छोल्यांचं पाणी. डब्यातल्या छोल्यांचं जे चिकट पाणी आपण मोरीत ओततो, ते घोटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. 2014 मध्ये झोएल रोसेल या फ्रेंच माणसाने हे दाखवून दिलं. एका अंड्याच्या जागी साधारण तीन मोठे चमचे, बिनमिठाच्या डब्यातलं. पण शेंगदाणे न चालणाऱ्या काहींना इतर कडधान्यंही चालत नाहीत, म्हणून आधी विचारून घेतलं. पुतणी छोले आवडीने खाते, तेव्हा प्रश्न मिटला.

उरले ते रंगीत दाणे, आणि इथे मला संक्रांत आठवली. काटेरी हलवा तिळावर करतात तसा साबुदाण्यावरही करतात. तीळ तर घरात आणायची सोय नव्हती. इंग्लंडमध्ये पाकिटावर ठळक छापायच्या 14 घटकांत तीळ आहेत. 2016 मध्ये नताशा एडनन-लापरूज ही 15 वर्षांची मुलगी पावाच्या पिठातच मळलेल्या तिळांमुळे दगावली. वेष्टनावर तिळाचा शब्द नव्हता. तिच्या आईवडिलांनी लढून कायदा बदलून घेतला. ऑक्टोबर 2021 पासून दुकानात करून तिथेच बांधून ठेवलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहावे लागतात.

तर साबुदाणा. बारीक दाणा घ्यायचा, परातीत मंद आचेवर गरम करायचा आणि साखरेचा पातळ पाक अर्धा-अर्धा चमचा सोडत बोटांनी फिरवत राहायचं. आधीचा पाक सुकल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. घाई केली की लगदा. संध्याकाळी थोडं, दुसऱ्या दिवशी थोडं, असं करत हळूहळू काटा फुटतो. बोटं भाजतात, कंटाळा येतो, आणि मग एका संध्याकाळी परातीत पांढरा मोहोर पडल्यासारखं दिसतं. अर्ध्या दाण्यांना बिटाच्या रसाचा पाक दिला, ते गुलाबी झाले. दुकानातली कुठलीच डबी इतकी देखणी नव्हती, हे मी आपल्याच कौतुकाचा आळ पत्करून सांगते.

या सगळ्यात साहित्याइतकीच भांडी महत्त्वाची. लाकडी पोळपाट-लाटणं आणि उलथनी मी बाजूला ठेवली, लाकूड सगळं धरून ठेवतं. एरवी बदामाचं पीठ चाळते ती चाळणीही बाद, नवी घेतली. केकचं काम चाललं तोवर ओट्यावर दाण्याचं कूट आलं नाही. नवऱ्याने बिनकुटाची काकडीची कोशिंबीर खाताना तोंड वाकडं केलं, पण खाल्ली.

पुतणीने आधी हलव्याचे गुलाबी दाणे वेचले, मग विचारलं, “काकू, हे सगळ्यांसाठी आहे?” हो म्हटल्यावर दोन फोडी खाल्ल्या.

तुम्ही असा केक कुणाकडे नेणार असाल तर डब्यासोबत एक चिठ्ठी द्या. केकचं साहित्य लिहाच, पण सजावटीचं आधी लिहा: रंग, डिंक, इसेन्स, सगळं. आणि वापरलेली पाकिटं केक संपेपर्यंत फेकू नका. मुलाच्या आईला ती स्वतः वाचायची असतात.