जवारी

मिरजेहून तानपुरा परत आणला. वर्षभर षड्ज कोरडा बोलत होता. दुसरीकडे तारांखालची घोडीच नवी बसवा म्हणाले होते. मिरजेचे म्हातारे कारागीर तार छेडून, डोळे मिटून नुसते ऐकत बसले. मग जवारी लावायला घोडीवर कानशीचे दोन-तीन हलके हात, तारेखाली सुती दोरा, पुन्हा ऐकणं. कानशीची मूठ झिजून त्यांच्या अंगठ्याच्या आकाराची झालेली.

"घोडी चांगली आहे, उगाच कशाला बदलायची?" म्हणाले, आणि फक्त जवारीचे पैसे घेतले. शेजारी बसलेला नातू सगळं ऐकत होता.

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मला ती मूठ आणि ऐकत बसलेला नातूच आठवत राहतात. माझ्या हाताखाली चौघं जण काम करतात. ते माझ्याकडून काय ऐकत असतील?

आज पहाटे दोरा किंचित सरकवला. षड्ज भरून आला.