तक्रार नसताना भेटा

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं ठरवलं. चांगलंच आहे. पण आमच्या घोडेगावात कांद्याचा लिलाव असेल तर वडील मार्केटात, आई खुरपायला. दुपारच्या सभेला येणार कोण? याला अनास्था म्हणू नये, सभा संध्याकाळी ठेवून पाहावी.

आणि मंडळी, पालक बाईंना भेटतात ते बहुधा तक्रार घेऊनच. लेकरू घरी काय वाचतं, कशाला घाबरतं, हे बाईंना कोण सांगणार? एकदा सहज भेटून एवढं सांगितलं, की पुढे तक्रारही नीट ऐकली जाते. दोन्हीकडून.