पुणतांब्याचा बोंगो

लग्नसराईत लासलगावचा दिवस दोन आवाजांवर निघतो. सकाळी मार्केटात लिलावाचा पुकारा, संध्याकाळी वरातीचा बँड. परवा रस्त्यातच वरात आडवी आली आणि बँडवाल्यांनी 'शोला जो भडके' धरलं. कडेला कांदा खाली करून आलेली ट्रॉली उभी होती. तिच्या फाळक्यावर माझी बोटं कधी वाजू लागली, कळलंच नाही. सापटीत अडकलेली लाल सालपटं ठोक्यागणिक उडत होती. गाणं संपल्यावर क्लॅरिनेटवाल्या मास्तरांना विचारलं, हा ठेका कुठला? म्हणाले, "कुठला म्हणजे? वरातीचा!"

मास्तरांचं चूक नाही, पण ठेक्याचं मूळ गाव फार लांब आहे. १९४०च्या दशकात माचितो आणि मारियो बाउझा या क्युबाच्या मंडळींनी न्यूयॉर्कात आपले ढोल जॅझच्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनशी जुळवले. त्यातून लॅटिन जॅझ उभा राहिला. ती लहर आमच्याकडं आणली पुणतांब्याच्या माणसानं. मनमाडला गाडी बदलून दौंडच्या रुळाला लागलं की येवला, कोपरगाव आणि मग पुणतांबं. रामचंद्र नरहर चितळकर तिथं १९१८ साली जन्मले. तेच सी. रामचंद्र. 'समाधी' सिनेमातलं (१९५०) 'गोरे गोरे' त्यांनी गायिका कार्मेन मिरांडाच्या 'चिको चिको'वरून उचललं. हो, उचललंच, उगाच 'प्रेरणा' कशाला म्हणा! पण पुढच्याच वर्षी 'अलबेला'तल्या ह्याच 'शोला जो भडके'त गुडघ्यात धरून वाजवायच्या त्या जोडढोलक्या, बोंगो, अशा काही बोलल्या की नायक भगवानदादांच्या संथ पावलांवर गणपतीच्या मिरवणुका आजही नाचतात.

न्यूयॉर्कचे बॉबी सनाब्रिया लॅटिन जॅझचा बँड चालवतात आणि रेडिओवर कार्यक्रमही करतात. आपल्याकडं ही कामं वाटून झाली. बँड चितळकरांचा, माइक अमीन सयानींचा. मध्ये दार लावून बसले होते तेही मराठीच, नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर. १९५२मध्ये त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं. त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सयानींची सिनेगाण्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला दोन मिनिटं घ्यायचा, म्हणून बुधवारी आठच्या आधीच तो लावून ठेवायचे. शॉर्टवेव्हचा आवाज भरती-ओहोटीसारखा. 'बहनों और भाइयों' ऐकू यायचं आणि नेमकं गाणं लागताना खरखर. वडील छपरावरची एरियलची जाळी हलवायला धावायचे. ती नीट होईतो गाणं अर्धं झालेलं असे. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही आठवडा काढायचो.

त्या अर्ध्या गाण्यात ट्रम्पेट कोण फुंकतं, हे कुणी सांगत नसे. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक होते. त्यातले अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा बँड चालवायचे. सी. रामचंद्रांना तो बँड एवढा भावला, की तो 'अलबेला'च्या पडद्यावरच आला. 'अलबेला' पुन्हा लावाल तेव्हा भगवानदादा आणि गीता बालीवरून नजर थोडी मागं न्या. झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक दिसतील. त्यांतला ट्रम्पेटवाला बार्देशातल्या हळदोण्याचा.