तोरणमाळ, मुलाबाळांसह

नंदुरबारला पाहुणे आले की त्यांना तोरणमाळ दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, हा घरचा शिरस्ता. शहादा सोडलं की केळी-पपईची शेतं मागे पडतात आणि सातपायरी घाट लागतो. वळणांवर धाकट्याला मळमळतंच. म्हणून आईच्या पदराला आवळासुपारीची पुडी बांधलेली. वर, सुमारे 1150 मीटरवर, यशवंत तलाव, गोरखनाथाचं मंदिर, सीताखाई. सीताखाईचा धबधबा बघायचा तर पावसाळाच. पोरांचा हात मात्र सोडू नये. महाशिवरात्रीची यात्रा मोठी, पण तान्ह्यांना त्या गर्दीत कशाला न्यायचं? महाबळेश्वरसारखी हॉटेलांची रांग इथे नाही, आणि मला तेच बरं वाटतं. जेवणाचा डबा, स्वेटर आणि सुटे पैसे तेवढे घरूनच घेऊन निघा.