खिडकीबाहेरचं 'काहीच नाही'

शिकागो ते सिअ‍ॅटल. ४६ तास, दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस नुसतं गवत!

"वेडी आहेस का? विमानानं चार-साडेचार तासांत पोचशील!"

माझ्या रूममेटची ही पहिली रिअ‍ॅक्शन. तिचं काही चुकत नव्हतं. शिकागोहून सिअ‍ॅटलला ट्रेननं कोण जातं? पण माझा हिशेब वेगळा होता. माझी नोकरी गेली होती. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली, की हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. माझे ३७ दिवस संपले होते. सोमवारी सिअ‍ॅटलला एका कंपनीत शेवटचा राउंड होता आणि आज होता गुरुवार. घरी बसून दर पाच मिनिटांनी मेल रिफ्रेश करायचा मला जाम कंटाळा आला होता. आणि खरं सांगू? सहा वर्षं या देशात राहून मी बघितलं काय, तर एअरपोर्ट, ऑफिस आणि इंडियन ग्रोसरीचं दुकान! परत जायचंच असेल, तर निदान एकदा देश बघून तरी जाऊ.

म्हणून मी 'एम्पायर बिल्डर'चं तिकीट काढलं.

ही गाडी १९२९ पासून धावते. अंतर सुमारे ३,५५० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या अडीचपट. डबे डबलडेकर. मी साधी सीट घेतली होती, पण तीही आपल्या चेअरकारपेक्षा ऐसपैस, पाय पसरून झोपता येईल अशी. बाकी 'चाय, चाय' नाही, वडा नाही, की समोरच्या काकूंचा चिवड्याचा डबा नाही. दुपारी शिकागो सोडलं, संध्याकाळी मिसिसिपी नदी ओलांडली, रात्री सेंट पॉल गेलं आणि मी झोपले.

सकाळी डोळे उघडले आणि बाहेर... काहीच नाही!

म्हणजे अक्षरशः काही नाही. डोंगर नाही, गाव नाही, होर्डिंग नाही. जमीन, गवत, कोवळा गहू आणि वर एवढं मोठं आकाश. ही नॉर्थ डकोटाची प्रेअरी. मी उठून काचेच्या डब्यात गेले. तिथं खिडक्या वर छतापर्यंत वळत जातात आणि खुर्च्या बाहेर तोंड करून असतात. जूनचा महिना होता, सगळं हिरवंगार. पहिला अर्धा तास मी फोटो काढत सुटले. दुसऱ्या अर्ध्या तासात लक्षात आलं, की सगळे फोटो सारखेच आहेत. मधूनच मोबाइलची रेंज गेली. मग काय, बसले बघत!

रग्बी नावाचं एक छोटं स्टेशन गेलं. आपण उत्तर अमेरिका खंडाच्या अगदी मधोमध आहोत, असा या गावाचा दावा आहे आणि त्यासाठी त्यांनी १९३१ मध्ये दगडी स्तंभही उभारलाय. पुढे मायनॉट. इथं गाडी बराच वेळ थांबते, त्यामुळे सगळे पाय मोकळे करायला खाली उतरतात. तिथंच एक आजी चढल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात विणकाम. मॉन्टानातल्या माल्टाला, आपल्या घरी निघाल्या होत्या. मायनॉटला डॉक्टरकडे आल्या होत्या. दर दोन महिन्यांनी येतात, याच गाडीनं. "हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद होतात. मग ही गाडीच आमचा रस्ता," त्या म्हणाल्या.

मी भाबडेपणानं म्हणाले, "इथं तर काहीच नाहीये. तुम्हाला कंटाळा नाही येत?"

त्या हसल्या. विणकामाची सुई खिडकीकडे करून म्हणाल्या, "तो झाडांचा पुंजका दिसतो?"

दिसत होता. मैलोन् मैल सपाट गवत आणि मध्येच दहा-बारा झाडं एका रांगेत.

"इथं झाड आपणहून क्वचितच उगवतं. अशी रांग दिसली, की समजायचं, तिथं कुणाचं तरी घर होतं. वारा अडवायला लोक झाडं लावायचे. घर गेलं, माणसं गेली, झाडं राहिली."

आणि बघता बघता माझ्यासमोरचं 'काहीच नाही' एकदम गजबजून गेलं.

इथली गोष्टच तशी आहे. जेम्स हिल नावाच्या रेल्वेसम्राटानं हा मार्ग उभा केला. 'एम्पायर बिल्डर' हे त्याचंच टोपणनाव. १८८७ मध्ये त्याच्या माणसांनी एकाच हंगामात मायनॉटपासून पार मॉन्टानातल्या ग्रेट फॉल्सपर्यंत रूळ टाकले आणि १८९३ मध्ये त्याची 'ग्रेट नॉर्दर्न' रेल्वे सिअ‍ॅटलला पोचली. पण रेल्वे चालायची तर माल हवा, प्रवासी हवेत. मग जोरदार जाहिरातबाजी झाली : या, शेती करा! १९०९ च्या कायद्यानं इथल्या कोरडवाहू भागात ३२० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. आमची गावाकडे तीन एकर आहे, तीही चार भावांत! अट एकच. घर बांधायचं, जमीन कसायची आणि टिकून दाखवायचं. आधी पाच वर्षं, १९१२ पासून तीन वर्षं. नॉर्वेतून, जर्मनीतून, कुठून कुठून लोक आले. सुरुवातीला पाऊस बरा झाला. मग १९१७ पासून दुष्काळ पडला. पिकं गेली, बँका बुडाल्या आणि हजारो कुटुंबं सामान बांधून निघून गेली.

आजींचे आजोबा १९१२ मध्ये नॉर्वेहून आले होते. ते टिकले. "हुशार होते म्हणून नाही," आजी म्हणाल्या. "परत जायला पैसे नव्हते म्हणून." गेलेल्या शेजाऱ्यांची जमीन त्यांनी स्वस्तात घेतली. आज त्यांच्या शेतात अशा तीन जुन्या घरांची झाडं उभी आहेत. ती त्यांनी तोडलेली नाहीत.

मी काहीच बोलले नाही. माझ्या डोक्यात ६० दिवसांचं घड्याळ टिकटिकत होतं. जाहिरात बघून यायचं, मुदतीत टिकून दाखवायचं... माझी गोष्ट काही फार वेगळी नव्हती.

विलिस्टन आलं. इथं तेल सापडलंय, त्यामुळे विहिरी आणि गॅसच्या ज्वाळा. मग मॉन्टाना आणि घड्याळ एक तास मागे. वुल्फ पॉइंट स्टेशन आलं तेव्हा आजी म्हणाल्या, "आणि आमच्या आधी हे सगळं यांचं होतं." हा फोर्ट पेकचा राखीव प्रदेश, असिनिबॉइन आणि सू लोकांचा. इथून पश्चिमेला पर्वतापर्यंत मूळ रहिवाशांसाठी एकच मोठा प्रदेश राखीव होता. रेल्वे आली आणि लगेच १८८८ मध्ये कायदा करून त्याचे तीन तुकडे केले. उरलेली जमीन 'मोकळी' झाली. त्यांनी झाडांच्या रांगा लावल्या नव्हत्या, म्हणून खिडकीतून त्यांची खूण दिसत नाही, एवढंच.

माल्टाला आजी उतरल्या. फलाटावर जेमतेम पाच माणसं. एक पिकअप उभा होता. त्यांनी मागे वळून हात केला आणि गाडी सुटली. पुढे हावर आलं. स्टेशनबाहेर जुनं वाफेचं इंजिन आणि हिलसाहेबांचा पुतळा. संध्याकाळी क्षितिजावर निळी रेघ दिसली. ढग वाटले, पण ते रॉकी पर्वत होते! सगळा डबा खिडकीला चिकटला, कॅमेरे निघाले. मी मात्र मागे बघत होते. शेवटचा पुंजका कुठला, ते शोधत.

सिअ‍ॅटलचं काय झालं विचाराल तर... ती नोकरी मिळाली नाही. ५४व्या दिवशी मी पुण्याला परतले. वाईट वाटलं? खूप! विमानतळावर आईला बघून रडलेसुद्धा. पण 'आपण हरलो' असं जे वाटेल म्हणून मी घाबरले होते, ते तेवढं वाटलं नाही. काही टिकतात, काही जातात. अक्कल कमी-जास्त असते म्हणून नव्हे, तर कधी पाऊस पडत नाही म्हणून.

परवा कामासाठी सोलापूरला गेले, ट्रेननंच. दौंड सोडल्यावर मोकळं माळरान लागलं. शेजारचा मुलगा मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "काय बोअर एरिया आहे, काहीच नाही."

लांब, उघड्या रानात चार कडुलिंब उभे होते. मी त्याला म्हणाले, "ती झाडं दिसतात?"

जाणार असाल तर...

● शिकागोहून पश्चिमेला जा. प्रेअरी दुसऱ्या दिवशी पूर्ण उजेडात मिळते.
● उन्हाळ्यात जा. दिवस मोठा, त्यामुळे पर्वतही उजेडात दिसण्याची शक्यता जास्त.
● काचेच्या डब्यात सकाळी लवकर जागा पकडा.
● रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत, गाडीला उशीर होऊ शकतो. त्याच दिवशीची पुढची फ्लाइट बुक करू नका.
● चिवडा घरूनच न्या!