मूळपुरुषाच्या शोधात नवेगावबांध

मेफ्लॉवर जहाज १६२० मध्ये अमेरिकेला लागलं, तेव्हा त्यात १०२ प्रवासी होते. आपण त्यांच्यापैकी कुणाचे तरी वंशज आहोत हे सिद्ध करण्यासाठी लोक आजही मृत्युपत्रं आणि चर्चच्या वह्या धुंडाळतात. वंशजांची संस्थाच आहे, १८९७ पासूनची. आमचा एक आयटीवाला मित्र ऑनसाइटहून परतला तो हेच खूळ घेऊन. जन्म पुण्याचा, पण घराणं गोंदिया जिल्ह्यातलं, कोहळी. फॅमिली ट्री पणजोबांपाशी अडलेला. म्हटलं, चल नवेगावबांधला!

नागपूरहून साधारण दीडशे किलोमीटर. डोंगरांच्या कुशीत अफाट तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो कोलू पाटील कोहळी याने बांधला, असं मानतात. लोकांनी पुढे त्याचाच देव केला, कोलासूर. आजूबाजूच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी. धरण बांधायला त्यांनी हात लावला म्हणे! मेफ्लॉवरवाल्यांच्या नशिबी हे भाग्य नाही.

कोहळी म्हणजे तलाव बांधणारे आणि ऊस-धान पिकवणारे लोक. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जमिनी मिळत. पण हे आले कुठून? मित्राची आत्या ठासून म्हणाली, "आपण काशीचे गा बापू. राजानं आणलं आपल्याला." शेजारचे आजोबा म्हणाले, "छे, लांजीचे." गंमत म्हणजे रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९१६ च्या ग्रंथात या दोन्ही कथा नोंदवल्यात आणि वर शेरा मारलाय की हे लोक मराठी मुळाचेच दिसतात. मित्राचा चेहरा पडला. त्याला काशी हवी होती!

पणजोबांच्या वडिलांचं नाव आत्याला आठवेना. पण त्यांनी खोदलेली बोडी मात्र पक्की ठाऊक. आम्ही तिथे गेलो. पाळीवर बेशरमाची झुडपं, तळाशी गाळ, मधोमध गुडघाभर पाणी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा होऊन 'मामा तलाव' झाले, म्हणजे माजी मालगुजारी. ही बोडी त्यात नव्हती, घरचीच होती. तरी गाळ कुणी काढला नाही, कारण काढणारे पुण्याला गेले. हे आत्या बोलली नाही, मित्रच पुटपुटला. मग त्याने गाळ काढायला किती ट्रॅक्टर लागतील, ते विचारलं. आत्याने आधी त्याला जेवायला बसवलं.

जायचं तर हिवाळ्यात जा. तलावावर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर देवलगाव स्टेशनला उतरा. आणि कुणी "कोणाचा गा तू?" विचारलं, तर व्हिजिटिंग कार्ड काढू नका, आजोबांचं नाव सांगा.