गल्लीचा गुलदस्ता

एकोणिसाव्या शतकात उर्दूत 'गुलदस्ता' नावाचा एक छापील प्रकार होता. मुशायऱ्यासाठी एक मिसरा आधी जाहीर व्हायचा. त्याला 'तरह' म्हणत. त्याच वजनात, त्याच काफिया-रदीफात शायर गझला बांधून आणत, आणि पुढे त्या गझला एकत्र छापून निघत. उस्ताद आणि नवशिके एकाच कागदावर येत. २०१९ साली 'गली बॉय' या चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम आम्ही ऐकला तेव्हा आम्हाला आठवला तो हा गुलदस्ता.

अल्बममध्ये अठरा तुकडे आहेत. अंकुर तिवारी यांनी ते जुळवले. कुर्ला, धारावी, अंधेरी अशा वस्त्यांतली पोरे त्यात आहेत. 'इंडिया ९१' या एकाच गाण्यात धारावीचा एम. सी. अल्ताफ आहे, 'स्वदेशी' गटाचा तोडफोड आहे आणि थेट अमरावतीचा '१०० आरबीएच'ही आहे. बोल निरनिराळ्या भाषांत, पण खाली ठेका एकच, आणि तोही विवेक राजगोपालन यांनी मृदंगमच्या बोलांवर बांधलेला. तरहचा मिसरा दिल्यासारखा ठेका दिला आणि ज्याने त्याने आपली जमीन नांगरली. तोडफोड म्हणजे धर्मेश परमार. तो २०२२ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याचा आवाज तेवढा त्या गुलदस्त्यात राहिला.

ही विद्या मूळची न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीतली. ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री डीजे कूल हर्कने तिथल्या एका इमारतीत बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तिथून ती सुरू झाली असे धरतात. आपल्याकडे ती गल्लीत उतरली ती मोबाइलमधून. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ साली 'आफत' हे गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर रेकॉर्ड केले, त्याच्यावरच चित्रितही केले. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. पुढच्याच वर्षी त्याचे आणि डिव्हाइनचे 'मेरे गली में' आले. चित्रपटातला मुराद या दोघांवरून सुचला. मात्र चित्रपटात 'अपना टाइम आएगा' गायले ते रणवीर सिंगने. गाणे गल्लीचे, गळा नटाचा. हा व्यवहार आम्हाला आजही थोडा खुपतो. नटाने गायले नसते तर ते आमच्या फलटणपर्यंत आले असते का, हेही आहेच म्हणा.

आम्हाला सगळ्यात गंमत वाटली ती पिनकोडची. नेझीवरच्या लघुपटाचे नाव 'बॉम्बे ७०', कारण कुर्ल्याचा पिन ४०००७०. धारावीची पोरे १७ मिरवतात, डिव्हाइन ५९. उर्दूत दाग 'देहलवी' झाले, सिराज 'औरंगाबादी' झाले, मजरूह 'सुलतानपुरी' झाले. गाव नावाला लावायची आपली जुनी सवय. या पोरांनी गावाऐवजी पोस्टाचा आकडा लावला, एवढेच. शहर एवढे मोठे की नुसते 'मुंबईवाला' म्हणून कोणी कोणाचा होत नाही.

आमच्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीवर आम्हाला ४१५५२३ लिहिलेले दिसले. हा फलटणचा पिन. वही उर्दू निबंधाची, पण मागच्या पानांवर रोमन लिपीत ओळी. विषय घरचा: पहाटे बेकरीत मळायचे पीठ, पालखी मुक्कामाला आली की गावात मावेनाशी होणारी माणसे, कोरडी पडलेली बाणगंगा. भाषा दखनी, मधूनमधून सरळ मराठी. 'नक्को', 'कायकू', 'हौ' सगळे होते. काफियासुद्धा मराठी शब्दाचा दखनी शब्दाशी जुळवलेला.

आता आम्ही उर्दूचे शिक्षक. पेपरात 'नक्को' आले तर लाल शाई चालणारच, कारण बोर्डाचा तपासनीसही तेच करील आणि मार्क मुलाचे जातील. पण या 'नक्को'ला कमअस्सल म्हणायला आमची जीभ रेटत नाही. फलटणचे निंबाळकर आदिलशाहीचे जहागीरदार होते, आणि त्याच आदिलशाहीच्या दरबारी कवीने, नुसरतीने, याच दखनीत काव्ये रचली. वली दिल्लीला गेला आणि तिथल्या फारसीत लिहिणाऱ्यांना रेख्त्याची गोडी लागली. पुढे दखनी घरात राहिली आणि शाळेबाहेर गेली. आमचा मुलगा घरी एक बोलतो, चौकात दुसरे, शाळेत तिसरे लिहितो. दहावीनंतर उर्दू सुटते आणि कॉलेजात मराठी किंवा इंग्रजीसमोर तो मुका होतो. या तिन्ही जिभा एका पानावर मांडायला त्याला जागा मिळाली, ती या रॅपमध्ये.

गॅदरिंगला बैतबाजी दरवर्षी असते. त्यातच त्याला पाच मिनिटे द्यावीत असे आम्ही सुचवले. शिक्षक खोलीत दोन दिवस तोच विषय. शिव्या असतात, हा एक आक्षेप. खरे आहे, पुष्कळ रॅपमध्ये असतात आणि त्या आम्हालाही आवडत नाहीत. या वहीत नव्हत्या. वाद्याचा आक्षेप त्याहून मोठा. यावर आमच्या लोकांत घरोघरी मतभेद आहेत, आणि ते गॅदरिंगच्या मांडवात मिटवायचे नसतात. म्हणून ठरले की वाद्य नाही, मोबाइलचा ठेकाही नाही, नुसते बोल. गोवंडीची सानिया मिस्त्री हिजाब घालून रॅप करते हे आमच्या एका सहकारी बाईंनी सांगितले, तेव्हा एकदोघे गप्प झाले. पटून की कंटाळून, कोण जाणे.

मुलगा उभा राहिला. पहिल्या चार ओळी घाबरत, मग श्वास सापडला. ठेका नसल्यामुळे शब्द न् शब्द कळत होता. अमर शेख आम्ही पाहिले नाहीत, पण बार्शीच्या या मेहबूब पटेलांनी नुसत्या आवाजावर मैदाने कशी धरली असतील याचा थोडा अंदाज आला. बेकरीच्या ओळींना मागच्या बाकांवरून 'वाह' आली. ती पालकांची होती. त्याचे अब्बा मात्र आले नव्हते. भट्टी सोडून येता येत नाही.

कार्यक्रमानंतर मशिदीचे इमामसाहेब आमच्याकडे आले. आता ऐकून घ्यायची तयारी आम्ही केली. ते म्हणाले, "सर, लडके का एक जगह काफिया तंग हो गया. उसको बोलो, जुमे के बाद मिल ले."

मुलगा जाऊन भेटला. काफिया बदलला, आणि बदललेला शब्दही दखनीच आहे. आता गल्लीतले आणखी तिघे वह्या घेऊन आलेत आणि चौघांचे मिळून मोबाइलवर रेकॉर्ड करायचे म्हणतात. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबा, असे आम्ही सांगितले आहे. चौघांतले दोघे गणितात कच्चे आहेत.